बिब्बा कोणाला उततो?

१/
दुकानाच्या दारावर किंवा ट्रकच्या पुढे दृष्ट लागू नये म्हणून जी माळ टांगतात, तिच्यात एक लिंबू असते, हिरव्या मिरच्या असतात आणि पुष्कळदा एक काळी, कडक, चपटी बी असते. ती बी म्हणजे बिब्बा. विदर्भात तिला बिबा म्हणतात, भिलावाही म्हणतात. जुळत आलेले काम कोणी नासवले की 'त्याने बिब्बा घातला' हा मराठी माणसाचा ठरलेला उद्गार. या बीचा इतिहास चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून निघून बगदाद, व्हिएन्ना आणि दुसऱ्या महायुद्धातील आसामपर्यंत जातो. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र अगदी घरगुती आहे. एकच बिब्बा दोघांच्या हाताला लागतो. एकाच्या हातावर काळा डाग पडतो आणि काही दिवसांनी निघून जातो. दुसऱ्याचा हात सुजतो, फोडांनी भरतो, खाज त्याला रात्रभर झोपू देत नाही. असे का?

२/
आधी झाड पाहू. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख एकच होता आणि जुन्या कागदांत त्याचे नाव 'चांदा' असे येते. सागवान, बांबू, मोह, तेंदू आणि चार यांच्यासाठी हे जंगल प्रसिद्ध आहे. बिब्ब्याचे झाड त्यांच्यात मिसळून उभे असते, मोठ्या पानांचे आणि फारसे नजरेत न भरणारे. त्याचे फळ मात्र एकदा पाहिले की विसरत नाही. वर नारिंगी, मांसल भाग आणि त्याला खाली चिकटलेली काळी बी; काजूचे बोंड आणि त्याखालचा काजू डोळ्यांपुढे आणावा, तशीच रचना.

३/
गंमत अशी की यातले वरचे आणि आतले, दोन्ही खाण्याजोगे आहे. नारिंगी भाग पिकला की जंगलात राहणारे लोक तो खातात, वाळवून ठेवतात. बीच्या आतला पांढरा गर म्हणजे गोडंबी. हिवाळ्यात डिंकाच्या लाडवात आणि बाळंतिणीच्या खाण्यात तिला मान आहे. या दोन्हींच्या मधे बीचे कवच आहे, आणि त्या कवचात पोळ्यासारख्या कप्प्यांत भरलेले दाट तेल. उघड्यावर आले की ते काळे पडते. सगळा इतिहास घडला तो या तेलामुळे.

४/
या तेलाने अंगाला जे होते, त्यासाठी मराठीत एक नेमके क्रियापद आहे. बिब्बा 'लागतो', बिब्बा 'भाजतो' असेही म्हणतात. पण खरा शब्द 'उतणे'. अंगावर बिब्बा उतला. दूध उतू जाते तेव्हा विस्तव बाहेरून आलेला असतो, पण वर चढून भांड्याबाहेर येते ते दूधच. हा शब्द ज्याने प्रथम वापरला त्याला रोगप्रतिकारशास्त्र ठाऊक असण्याचा संभव नाही. तरी त्या शास्त्राला जे सांगायला विसावे शतक उजाडावे लागले, त्याची दिशा या क्रियापदात आहे. बाहेरची वस्तू निमित्त ठरते आणि खवळते ते अंग.

५/
संस्कृत ग्रंथकारांना हे झाड चांगलेच परिचित होते. त्याचे मुख्य नाव भल्लातक. भिलावा हा शब्द त्याचाच वंशज. कोशांत त्याची आणखी नावे मिळतात. 'अग्निमुखी' हे एक, आणि 'अरुष्कर' हे दुसरे. 'अरुस्' म्हणजे जखम, व्रण. अरुष्कर म्हणजे व्रण करणारे. झाडाच्या नावातच सावधगिरीची सूचना गोवलेली आहे. चरकसंहितेच्या रसायनप्रकरणात भल्लातकाला तीक्ष्ण आणि अग्नीसारखे म्हटले आहे, आणि त्याच दमात, विधिपूर्वक वापरल्यास ते अमृतासमान होते असेही म्हटले आहे. ते घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावावे, असा संकेत तिथे आहे. वैद्यपरंपरेत बिब्बा विटेच्या भुकटीत घोळून 'शुद्ध' करण्याची पद्धत आहे. विटेची भुकटी तेल शोषून घेते, हे कोणालाही पटण्याजोगे कारण त्यामागे आहे.

६/
या औषधाची कीर्ती पश्चिमेकडे गेली तेव्हा भल्लातकाचे अरबीत 'बलाधुर' झाले. बलाधुरने स्मरणशक्ती तल्लख होते, अशी तिकडच्या वैद्यांची समजूत होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे थांबावेच लागते. अरबांनी सिंध कसा जिंकला हे ज्या ग्रंथावरून प्रामुख्याने समजते, त्या 'फुतूह अल-बुल्दान'चा कर्ता नवव्या शतकातील बगदादचा अहमद इब्न याह्या. जग त्याला ओळखते ते 'अल-बलाधुरी' या नावाने. परंपरा सांगते की बलाधुरचा रस प्यायल्याने त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली आणि त्यातच तो गेला. काहींच्या मते रस प्याला तो त्याचा आजोबा आणि नाव घराण्याला चिकटले. आख्यायिका पूर्ण खरी मानण्याचे कारण नाही. पण अरब जगताच्या एका थोर इतिहासकाराचे आडनाव अक्षरशः 'बिब्बेवाला' असावे, आणि तेही स्मरणशक्तीच्या हव्यासापायी, ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

७/
युरोपात हीच बी 'अनाकार्डियम' नावाने औषधविक्रेत्यांकडे पोचली. नावाचा संबंध हृदयाच्या आकाराशी. पुढे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला. लिनिअसने वनस्पतींची शास्त्रीय नावे ठरवताना 'अनाकार्डियम' काजूला देऊन टाकले आणि मूळ मालक बेनाव झाला. १७८१ साली लिनिअसच्या मुलाने त्याला नवे नाव दिले, 'सेमेकार्पस अनाकार्डियम'. सेमेकार्पस म्हणजे खुणेचे फळ. ज्या नावात पूर्वी व्रण होता त्यात आता खूण आली. याचे कारण व्यापारात होते: भारतातला परीट हे फळ कपड्यांवर खुणा करायला वापरत असे.

८/
परटाची युक्ती साधी आणि अचूक होती. बिब्बा सुईने टोचून तेलाचा थेंब कपड्याच्या आतल्या कोपऱ्यावर लावायचा, त्यावर चुना द्यायचा. चुन्याशी संयोग झाला की काळी खूण कायमची बसते. भट्टीत घाला, दगडावर आपटा, ती जात नाही. शेकडो घरांचे कपडे एकत्र धुऊन ज्याचे त्याला परत करणे या खुणांमुळेच शक्य होई. (मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई वेगळी, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. दोन्हींची गल्लत नेहमी होते.)

९/
आता पुन्हा चांद्याच्या जंगलात. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी संपवले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांची पक्की चौकट घातली. ज्या झाडांखाली पिढ्यान् पिढ्या लोक मोह वेचत होते, तिथे जाणे हा हक्क न राहता सवलत झाली. सरकारला हवे होते लाकूड, विशेषतः आलापल्लीच्या बाजूचा साग. प्रत्येक झाडाची उपयुक्तता तपासून नोंदवण्याचा मोठा उद्योग त्या काळात वनखात्याने केला. गॅम्बल या वनाधिकाऱ्याचा भारतीय लाकडांवरचा ग्रंथ १८८१ मध्ये आला, तो याच उद्योगाचा भाग.

१०/
अशा ग्रंथांमध्ये बिब्ब्याच्या लाकडाला फारशी किंमत नाही. पण एक बारीक नोंद आढळते: या झाडाच्या झोंबऱ्या रसाने अंग सुजते, म्हणून लाकूडतोडे ते तोडायला नाखूष असतात, खोडाची साल गोलाकार काढून झाड काही काळ वाळू दिले असेल, तरच तोडतात. या ओळीवरून नजर सहज घसरते. तिचे वजन मात्र मोठे आहे. साल काढून झाड वाळवणे ही सुरक्षेची विचारपूर्वक पद्धत आहे. झोंबते ते रसामुळे, रस आटला की धोका कमी होतो, आणि त्यासाठी थांबण्याची किंमत आहे, हे सगळे ज्ञान तिच्यात आहे. कागदावर मात्र ते 'मजुरांची नाखुशी' म्हणून उतरले. वसाहतकालीन दस्तऐवजांत श्रमिकांचे ज्ञान पुष्कळदा असेच सापडते, तक्रारीच्या किंवा अडथळ्याच्या रूपात. ते त्या रूपातून सोडवून घ्यावे लागते.

११/
दुसऱ्या एका दालनात तर बिब्बा थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. भारतातील न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत, मोदी यांच्या १९२० पासून चालत आलेल्या प्रसिद्ध ग्रंथासह, 'कृत्रिम जखमा' या विषयात बिब्ब्याचा रस हे ठरलेले उदाहरण असते. कोणी आपल्याला मारहाण झाल्याचा कांगावा करायचा ठरवले, तर बिब्ब्याच्या रसाने अंगावर काळेनिळे डाग उठवता येतात. खरा मुका मार आणि हा बनाव कसा ओळखावा, हे वैद्यकाचे विद्यार्थी आजही पाठ करतात. बनावट डागाची कड रेखीव असते, आजूबाजूला बारीक फोड असतात, खाज असते, डाग हात पोचेल अशाच जागी असतो. आणि खाजवल्यामुळे बोटांच्या टोकांवरही तीच लक्षणे दिसू शकतात.

१२/
ही चिकित्सा चुकीची नाही. खोट्या फिर्यादी होत असत आणि निरपराध माणसाला वाचवायला असे निकष लागतात. तरीही पाठ्यपुस्तक हा विषय ज्या चौकटीत मांडते तिच्यात एक गृहीत दडलेले आहे: अंगावर बिब्ब्याची खूण असणारा माणूस बहुधा लबाडी करत असावा. जो माणूस जंगलात काम करतो, ज्याच्या अंगावर बिब्बा कामापायी उतला आहे, त्याला त्या पानावर जागा नाही. शिवाय डाग उठणार की नाही, किती उठणार, हे त्या शरीरावर अवलंबून असते. दोन माणसांवर सारखाच रस लावून सारखाच डाग मिळेल याची खात्री नाही. हे का, हे समजायला न्यायवैद्यक सोडून दुसऱ्या एका शास्त्राकडे जावे लागते.

१३/
ते शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोन डॉक्टर घटसर्पावर घोड्याच्या रक्तरसाची लस टोचलेल्या मुलांचे निरीक्षण करत होते. पहिल्या टोचणीनंतर काही मुलांना आठवड्या-दीड आठवड्याने ताप, पुरळ, सूज येई. तीच मुले दुसऱ्यांदा टोचली तर हा त्रास फार लवकर येई. रक्तरस तोच, मूल तेच. मग बदलले काय? पिर्के यांचे उत्तर होते: मूलच बदलले. पहिल्या भेटीने शरीराची प्रतिसाद देण्याची रीत पालटली. या पालटलेल्या रीतीला त्यांनी १९०६ मध्ये ग्रीक शब्दांवरून नाव दिले, 'ॲलर्जी', म्हणजे वेगळी क्रिया. मराठीत 'वावडे' हा शब्द होताच. पण वावडे जन्मजात नसून कमावलेले असू शकते, हा विचार नवा होता.

१४/
थोडक्यात, ॲलर्जी असलेल्या शरीराला इतिहास असतो. ते आज काय करील हे त्याने काल कोणाला भेटले आहे यावर ठरते.

१५/
बिब्ब्याच्या बाबतीत ही क्रिया कशी घडते, हे पुढच्या काही दशकांत तुकड्या-तुकड्याने उलगडले. तेलातील दाहक द्रव्याला 'भिलावनॉल' हे नाव मिळाले. पिल्लई आणि सिद्दिकी या भारतीय रसायनज्ञांनी १९३१ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. रचनेने हा एक कॅटेकॉल आहे, कार्बनची लांब शेपटी असलेला. शेपटीमुळे तो तेलात मिसळतो आणि त्वचेत सहज उतरतो. आत गेल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि तो त्वचेच्या प्रथिनांना घट्ट चिकटतो.

१६/
हे चिकटणेच निर्णायक ठरते. भिलावनॉलचा रेणू इतका लहान आहे की एकटा असताना शरीराचे पहारेकरी त्याची दखल घेत नाहीत. पण त्वचेच्या प्रथिनावर तो बसला की ते प्रथिन ओळखीचे राहत नाही. घरच्याच माणसाने परका मुखवटा चढवावा तसे होते. साधी रसायने प्रथिनांना जोडली गेली की त्वचेत संवेदनशीलता निर्माण करतात, हे कार्ल लँडस्टायनर यांनी १९३० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले. रक्तगट शोधून काढणारे लँडस्टायनर ते हेच. त्वचेत जाळे टाकून बसलेल्या पेशी (पाउल लँगरहान्स याने त्या १८६८ मध्येच, विद्यार्थिदशेत, पाहिल्या होत्या, पण त्यांना मज्जातंतूंशी संबंधित समजला) हे मुखवट्याचे प्रथिन उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात. तिथे 'टी' पेशींना त्याची ओळख करून दिली जाते. या शिक्षणाला साधारण दहा-चौदा दिवस लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही.

१७/
दुसऱ्यांदा तेल लागते तेव्हा शिकलेल्या पेशी त्वचेकडे धाव घेतात. मात्र त्या पोचून, जमून, हल्ला चढवायला वेळ लागतो. म्हणून बिब्बा लागताक्षणी नव्हे, एक-दोन दिवसांनी उततो. मधमाशी चावल्यावर किंवा शेंगदाणा खाल्ल्यावर काही जणांना मिनिटांत जी भयंकर ॲलर्जी होते, ती वेगळ्या मार्गाने, रक्तातील प्रतिपिंडांमुळे होते. हा विलंबित प्रकार पेशींच्या मार्फत होतो. १९४२ साली लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी संवेदनशील गिनीपिगच्या पेशी दुसऱ्या गिनीपिगमध्ये सोडून ही संवेदनशीलता तिच्यातही आणून दाखवली. पुढे १९६३ मध्ये गेल आणि कूम्ब्स यांनी अतिसंवेदनशीलतेचे जे चार प्रकार मांडले त्यांत याचा क्रमांक चौथा.

१८/
एक खुलासा आवश्यक आहे. बिब्ब्याचे निव्वळ तेल भरपूर लागले तर ते कोणाच्याही त्वचेला जाळते. त्याला पूर्वओळखीची गरज नसते. चरकाचा 'अग्नी' तो हा. ॲलर्जी तिथून पुढे सुरू होते, जिथे तेल नाममात्र असते आणि तरीही अंग पेटते. जुन्या साधनांत या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि म्हणून एकाच बिब्ब्याबद्दल परस्परविरोधी साक्षी मिळतात. साक्षीदार खोटे बोलत नसतात. त्यांची शरीरे वेगळी असतात.

१९/
नाममात्र तेल म्हणजे किती कमी, याचा पुरावा दुसऱ्या महायुद्धाने दिला. १९४३ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीमागे, आसामात, अमेरिकी फौजांचा मोठा तळ होता. तिथल्या मार्गारिटाजवळच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात सैनिक एक चमत्कारिक पुरळ घेऊन येऊ लागले. मानेच्या मागे एक खाजरा, फोडांनी भरलेला चट्टा. कोणाला तो कमरेवर, कोणाला पावलावर. ना बुरशी, ना किडा.

२०/
उष्ण प्रदेशात गोऱ्या सैनिकांना होणाऱ्या जांघेतल्या नायट्याला इंग्रज फार पूर्वीपासून 'धोबी इच' म्हणत. परटाकडून धुऊन आलेल्या कपड्यांतून तो येतो असा समज होता. तो नायटा खरे म्हणजे बुरशीचा, घाम आणि ओलाव्यात वाढणारा. परटावरचा ठपका बव्हंशी निराधार होता. या खेपेस मात्र धागा खरोखरच परटापर्यंत गेला, फक्त वेगळ्या वाटेने. चट्टा जिथे होता, बरोबर तिथेच शर्टाच्या कॉलरवर किंवा कपड्याच्या पट्ट्यावर एक छोटी काळी खूण होती.

२१/
लिव्हिंगुड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनी खुणेचे द्रव्य शोधून काढले आणि ते पट्टीखाली सैनिकांच्या त्वचेवर लावून पाहिले. ही 'पॅच' चाचणी याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली रूढ केली होती. संशयित वस्तू त्वचेवर ठेवायची आणि दोन दिवस थांबायचे. विलंबित ॲलर्जीसाठी याहून साधी कसोटी नाही. पट्टीखाली पुरळ उठले. त्यांचा अहवाल त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. भट्टीतून निघालेल्या, वाळलेल्या, चुन्याने बांधलेल्या एका खुणेत मानेवर फोड आणण्याइतके भिलावनॉल शिल्लक होते.

२२/
पण इथे एक पेच होता. पहिल्या भेटीत शरीर फक्त शिकते, असे वर म्हटले. हे सैनिक तर समुद्रापलीकडून नुकते आलेले. बिब्बा म्हणजे काय हे त्यांना माहीतही नव्हते. मग त्यांची शरीरे आधीच शिकलेली कशी?

२३/
ती शिकली होती घरच्या अंगणात. अमेरिकेत कुंपणांवर, वाटांवर एक वेल सर्रास वाढते, 'पॉयझन आयव्ही'. तिथल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोक तिला संवेदनशील असतात. लहानपणी खेळताना, रानात भटकताना ती कधीतरी लागलेली असते. ही वेल आणि बिब्बा एकाच आम्रकुलातले. वेलीतील उरुशिऑल आणि बिब्ब्यातील भिलावनॉल ही चुलत भावंडे आहेत; इतकी सारखी, की एकाची ओळख पटलेल्या पेशी दुसऱ्यालाही तोच समजतात. उरुशिऑल हे नाव जपानी आहे; लाखकामाच्या झाडाच्या चिकाला जपानीत 'उरुशी' म्हणतात, आणि त्याची रासायनिक रचना रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उलगडली. अमेरिकेत शाळकरी वयात जी ओळख झाली, तिची आठवण आसामात, वीस-पंचवीस वर्षांच्या सैनिकाच्या मानेवर, भारतीय बिब्ब्याने जागी केली.

२४/
याच कुळात आंबा आहे, काजू आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली चारही आहे, जिच्या बियांची चारोळी होते. आंब्याच्या देठाचा चीक ओठांना लागून पुरळ येणारी मुले प्रत्येक गावात असतात. काजूच्या टरफलातले तेल फोडणाऱ्यांचे हात खाते, ते कोकण-गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. सगळी एकाच घराण्याची करामत.

२५/
मग जंगलात वाढलेल्या काही लोकांना बिब्बा का उतत नाही? याला एक उत्तर प्रयोगशाळेत मिळते. चेस यांनी १९४६ मध्ये दाखवले की संवेदनशील करणारे रसायन आधी गिनीपिगना खायला घातले, तर नंतर त्वचेला लावूनही ॲलर्जी तयार होत नाही. पोटातून झालेली ओळख शरीर मैत्रीची मानते, त्वचेतून झालेली वैराची. ज्या मुलांनी पिकल्या बिब्ब्याचा नारिंगी भाग लहानपणापासून खाल्ला, त्यांच्या बाबतीत असेच काही घडत असणे शक्य आहे. मात्र गिनीपिगवरून माणसाबद्दल आणि प्रयोगशाळेवरून जंगलाबद्दल इतक्या झटक्यात निष्कर्ष काढणे धाडसाचे. आणि हे वाचून कोणी घरी बिब्बा चाखून पाहू नये. तोंडाची आणि घशाची त्वचा हातापेक्षा कितीतरी नाजूक असते.

२६/
उतणाऱ्यांना तो उततोच, मग ते जंगलातले असोत की शहरातले. म्हणून बिब्ब्याभोवती सर्वत्र निषेधांचे आणि विधींचे कुंपण दिसते. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडात हरेलीच्या दिवशी, श्रावणाच्या अमावास्येला, पिकाचे रक्षण व्हावे म्हणून शेतात भिलाव्याच्या फांद्या रोवतात. लिंबू-मिरचीच्या माळेतला बिब्बाही त्याच जातीचा पहारेकरी. जे झाड अंगाला हात लावू देत नाही, त्याच्याकडे राखणदारी सोपवणे यात तर्क आहे, आणि तो अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून पुढे गेल्याने समजत नाही.

२७/
राहिला हातांचा प्रश्न. गोडंबी आपोआप लाडवात येत नाही. बिब्बा भाजून किंवा वाळवून एकेक करून दगडाने फोडावा लागतो, आणि विदर्भात हे काम बव्हंशी बायका करतात. हाताला गोडे तेल चोळून, राख लावून त्या बसतात. तेल आणि राख भिलावनॉलला त्वचेपासून काही काळ दूर ठेवतात. तरी बोटे काळी पडतात, उडालेला थेंब डोळ्याजवळ जातो, एखादीला बिब्बा उततो आणि तिचे काम काही दिवस बंद पडते. बंद पडलेल्या दिवसांची मजुरी कोणी देत नाही.

२८/
या दुखण्याचा शास्त्रीय इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात चरक असतो, लँडस्टायनर असतात, १९४३ चा आसाम असतो. अमेरिकी सैनिकाच्या मानेवरचा चट्टा ज्या वर्षी वैद्यकीय नियतकालिकात पोचला, त्या वर्षीही या जंगलांत बिब्बे वेचले आणि फोडले जातच होते. त्या हातांवरचे फोड मात्र रोगाचा पुरावा म्हणून कोणी जपले नाहीत. वनखात्याच्या ग्रंथाने त्यांना नाखुशी म्हटले, न्यायवैद्यकाने कांगावा.

२९/
२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी जंगलात राहणाऱ्यांना दिली; गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. बांबू आणि तेंदूपत्ता यांचे पैसे मोठे, म्हणून चर्चा त्यांचीच होते. बिब्बा यादीत खाली असतो. हिवाळ्यात तो पिकतो, झाडाखाली पडतो. वेचणारी बाई नारिंगी भाग वेगळा करते आणि काळी बी दुसऱ्या टोपलीत टाकते. सोबत आलेल्या लहान मुलीला ती टोपलीला हात लावू देत नाही. आपल्याला उतत नाही म्हणून मुलीलाही उतणार नाही असे ती धरून चालत नाही.